भागाक्काची तीथ आणि पाडव्याची आवृत्ती

बिदर शहरातल्या मैलूरच्या आमच्या गल्लीत, सकाळी गच्चीवर अर्घ्य देऊन मी खाली उतरलो की समोरच्या ओट्यावरून निवृत्त पोस्टमास्तर विचारीत, "काय गुरुजी, आज सूर्य पास केला का परत पाठवला?"

हा विनोद त्यांनी अनेक वर्षे केला आणि मीही दर वेळी हसलो. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी जे काम केले, त्याचे याहून नेमके वर्णन मला स्वतःलाही करता आलेले नाही.

मी संस्कृतचा शिक्षक. लहानपण पाठशाळेत गेले, उमेदीची वर्षे बिदरच्या एका हायस्कुलात. आमच्याकडे पुष्कळ मुले गुण चांगले पडतात म्हणून संस्कृत घेतात आणि परीक्षा संपली की सोडून देतात. श्रीकांत त्यांतलाच. पुढे तो बेंगळुरूला सॉफ्टवेअरच्या नोकरीत गेला आणि तिथे त्याला संस्कृतची नव्हे, तिथीची गरज पडली. त्या काळात आमच्या तालुक्यांतली मुले पुण्याला, हैदराबादला, दुबईला, अमेरिकेला पांगत होती. माणसे दूर गेली तरी गावची जत्रा, घरची एकादशी आणि वडिलांची तीथ त्यांच्यामागोमाग जात होती. छापील पंचांग मात्र पोचत नव्हते. श्रीकांतने काही मित्र जमवून पंचांगाचे गणित करणारा एक प्रोग्राम लिहिला आणि तो सर्वांसाठी मोकळा ठेवला. शास्त्राच्या बाजूने पाहणारा कोणीतरी हवा म्हणून तो माझ्याकडे आला. "गुरुजी, नुसतं नजरंखालनं घाला," म्हणाला. त्या नुसत्या नजरेत माझी निवृत्तीनंतरची सारी वर्षे सुखाने गेली.

हे काम बाहेरच्या माणसास समजेल असे सांगतो. मोकळा प्रोग्राम म्हणजे ज्याची संहिता कोणीही उघडून वाचावी आणि चूक दिसल्यास दुरुस्ती करून पाठवावी असा प्रोग्राम. अशा दुरुस्तीला पॅच म्हणतात. पॅच आला की तो तपासणाऱ्याने वाचायचा. योग्य असेल तर मूळ संहितेत घ्यायचा, नसेल तर परत पाठवायचा. असे बरेच पॅच साचले की एक दिवस ठरवून सांगायचे, आता नवीन काही घेणार नाही. याला आम्ही कुलूप म्हणत असू. कुलूप लागल्यावर केवळ चुका शोधायच्या, आणि मग ठरल्या दिवशी नवी आवृत्ती बाहेर सोडायची. आमची मुख्य आवृत्ती दर वर्षी पाडव्याच्या आधी निघे. नवे संवत्सर लागल्यावर पंचांग आले तर त्याचा उपयोग काय? श्रीकांत गणित सांभाळी. कुलूप, तपासणी आणि आवृत्तीचा दिवस माझ्याकडे.

संगणकाची भाषा मला येत नव्हती. ती मी शिकलो. सूत्रे पाठ करण्यात ज्याचे बालपण गेले, त्याला थोडक्या अक्षरांत पुष्कळ अर्थ भरण्याचे वावडे नसते. तपासणीची रीत मात्र मी कोणाकडून शिकलो नाही. ती मी पाठशाळेतूनच आणली. आमच्या गुरूंसमोर पाठ म्हणताना चूक झाली की ते बोटाने पाटावर एकदाच टकटक करीत. चूक कोठे, बरोबर काय, ते सांगत नसत. आपण मागे जायचे, वाक्य पुन्हा धरायचे, आणि आपली चूक आपणच शोधायची. दुसऱ्याचा पाठ आपण म्हणायचा नाही, हा तिथला दंडक होता. मीही कोणाचा पॅच स्वतः दुरुस्त केला नाही. एक प्रश्न लिहून परत पाठवी. पॅच पाठवणारी मुले त्याला "गुरुजींची टकटक" म्हणत. काही चिडत, काही सोडून जात. जे टिकत, त्यांच्या हातून पुढे फारशी चूक होत नसे.

सुरुवातीच्या काळातली एक फजिती सांगण्यासारखी आहे. पहिल्या मोठ्या आवृत्तीच्या वेळी मी सर्वांना कळवले की फाल्गुन शुद्ध दशमीस कुलूप लागेल. तारीख मुद्दामच लिहिली नाही. पंचांगाचे काम करणाऱ्यांनी तिथीने चालावे, अशी माझी श्रद्धा. मुलांनीही श्रद्धेने तिथी काढली, ती आमच्याच प्रोग्रामवर. ज्यांच्याकडे जुनी प्रत होती त्यांची दशमी एका दिवशी आली, ज्यांनी नवी उतरवून घेतली होती त्यांची दुसऱ्या दिवशी. अर्धे लोक कुलूप लागले म्हणून शांत बसले आणि अर्धे उत्साहाने पॅच पाठवीत राहिले. श्रीकांतचा फोन आला.

"गुरुजी, ज्या घड्याळाची दुरुस्ती चाललीय, त्याच्यावरच टाईम बघून लोकांना बोलावलाव तुम्ही!"

"मग पुढे काय करावे?"

"तारीख लिवा की. इंग्रजी तारीख. देवाला चालतंय."

तेव्हापासून कुलूप तारखेने लागू लागले. त्या गोंधळाचा लाभ असा झाला, की प्रोग्राममधली तिथीची एक खोल चूक आपोआप सापडली.

गिऱ्हाइके म्हणावीत अशी माणसेही भेटत. बसवकल्याणकडचा एक व्यापारी दुकानाच्या उद्घाटनाच्या आधी मैलूरपर्यंत आला. राहुकाळ नेमका पुढाऱ्यांच्या येण्याच्या वेळेवर येत होता.

"गुरुजी, तेवढा राहुकाळ जरा म्होरं ढकला की."

"तो माझ्या हातात नाही हो."

"कामून न्हाई? पोरं म्हणत्यात, तुमी हो म्हणल्याबिगर त्यात काईच बदलत न्हाई."

"प्रोग्राममध्ये बदलेल. आकाशात बदलणार नाही."

"आकाश कोण बघायलंय, गुरुजी? समदे तुमचाच कंप्युटर बघायलेत."

तो हसत गेला. मला मात्र त्या वाक्याने अस्वस्थ केले. लोक खरोखरच आमच्याकडे पाहून दिवस ठरवू लागले होते. मंठाळच्या जत्रेची पत्रके आमच्या तिथीवर छापली जात आणि ती वाचून पुण्या-मुंबईची माणसे रजा काढीत. आमची एक चूक झाली असती, तर एक अख्खे गाव भलत्या दिवशी घरी परतले असते.

अशा एका वर्षी, पाडवा तोंडावर आला असताना आणि कुलूप लागून गेले असताना, बिराप्पाचा पॅच आला.

बिराप्पा हुलसूरचा. घराणे मेंढपाळांचे, आजोबांच्या काळापर्यंत मेंढरे होती, वडील मल्लप्पा यांनी शेती धरली आणि एकुलत्या मुलाला बिदरच्या वसतिगृहात ठेवून शिकवले. तो माझ्या वर्गात होता. पुढे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर नोकरीला गेला, आणि तो तिकडे असतानाच मल्लप्पा वारले. चैत्र वद्य षष्ठी ही त्यांची तीथ. बिराप्पा दर वर्षी तिकडे जमेल तसे पाणी सोडी, घास ठेवी. इकडे त्याच्या आईचा, भागाक्काचा, एक नियम होता: लेकाने बापाला पाणी सोडले असे कानाने ऐकल्याशिवाय ती त्या दिवशी पाण्याचा थेंब घेत नसे.

अडचण अशी. आमचा प्रोग्राम तोवर सगळ्या जगाला एकच सूर्योदय धरून तिथी सांगत असे, आणि तो सूर्योदय आमच्या बिदरचा. पंचांग जी तारीख सांगे, तीच बिराप्पा तिकडे धरी. पण त्यांच्याकडे ती तारीख उजाडून दुपार होईपर्यंत हुलसूरला तो दिवस पुरा सरून गेलेला असे. भागाक्का सकाळपासून बसे ती दुसऱ्या दिवशीच्या पहाटेपर्यंत. आदल्या वर्षी ती संध्याकाळी उंबऱ्यातच कोसळली. शेजाऱ्यांनी उचलून भालकीच्या दवाखान्यात नेले. साखरेचा आजार असलेली बाई. डॉक्टरांनी सांगितले, पुन्हा असा उपास घडला तर भरवसा नाही.

बिराप्पाने थोरपणे कोणाला दोष दिला नाही. त्याने वर्षभर बसून पॅच लिहिला. माणूस ज्या गावी असेल, त्या गावच्या सूर्यावरून तिथी काढावी, असा तो पॅच होता. तसे धरले की तिकडची षष्ठी एक तारीख आधी येई. शास्त्रालाही तेच मान्य. सोबत त्याने लिहिले होते, "गुरुजी, माय कुणाचं ऐकत न्हाई. पंचांगात आलं तरच ऐकंल. एवढी एक आवृत्ती माझ्यासाठी उघडा."

मी पॅच वाचला. हात सुबक होता. पण सूर्योदय हा पंचांगाचा पाया. तोच हलवायचा म्हणजे वरचे सारे घर हलणार. शिवाय एके ठिकाणी मला शंका आली. मी एक प्रश्न लिहून पाठवला: "तुझ्या तिकडच्या गावची घड्याळे बारा महिने एकाच वेळेला धरून असतात काय?"

दोन दिवस उत्तर नाही. मग आले. तिकडे उन्हाळ्याच्या तोंडाशी सारी घड्याळे एक तास पुढे करतात. बिराप्पाने हिवाळ्यात पारख केली होती. चैत्रात त्याचा सूर्य एक तास चुकून उगवला असता. त्याने ते सुधारले. मी दुसरी टकटक केली, जगाच्या दुसऱ्या एका गावाबद्दल. तेही सुधारावे लागले. पाडवा पुढ्यात आला होता. मी कळवले, "हा पॅच पाडव्याच्या आवृत्तीत जाणार नाही."

त्याचा फोन आला. आवाज बारीक झाला होता.

"गुरुजी, तुमी पाठ तपासायलाव. इथं माझी माय उपाशी बसायलीय."

"बिराप्पा, घाईत घेतला आणि बिघडला, तर कितीतरी आया भलत्या दिवशी उपाशी बसतील."

"त्या आया मला ठाऊक न्हाईत गुरुजी. मला एकच ठाऊक हाय."

पाडव्याची आवृत्ती ठरल्याप्रमाणे निघाली, बिराप्पाच्या पॅचविना. सर्वांची पत्रे आली, अभिनंदने आली. मी गुढी उतरवली आणि दुसऱ्या दिवशी भालकीवरून हुलसूरची बस धरली. पॅच नाही तर नाही, निदान मी स्वतः जाऊन त्या बाईला समजावू शकेन, असे मला वाटले होते.

भागाक्का अंगणात चिंच फोडत बसली होती. दगडावर शेंग ठेवायची, वरून दुसरा दगड हाणायचा, चिंचोका वेगळा काढायचा. मला पाहून पदर सावरून उठली.

"या गुरुजी. बिराप्पानं धाडलं व्हय?"

"नाही अक्का, मीच आलो."

"मग तर काईतरी लई मोठं दिसतंय. बसा. च्या घ्या."

मी चहा घेत नाही हे ऐकून तिने गूळ-पाणी पुढे ठेवले. मी मुद्द्यावर आलो. म्हणालो, "अक्का, तिथी आकाशात एकदाच लागते आणि एकदाच सुटते. तुमची वेगळी, बिराप्पाची वेगळी अशी नसते. तुमच्याकडे षष्ठीची पहाट असते, तेव्हा त्याच्याकडे आदल्या तारखेची दुपार असते. तीच वेळ त्याने धरायला हवी. तुम्ही झोपेतून उठाल, तोवर त्याने पाणी सोडलेलेही असेल."

तिने हातातला दगड खाली ठेवला.

"म्हंजे त्यो आदल्या दिशी करणार."

"त्याच्या कॅलेंडरात आदल्या. तुमच्या इथे त्याच दिवशी, पहाटे."

"आन मी सकाळीच जेवायचं."

"हो."

"पोरगं बी हेच सांगायलंय फोनवर. मला वाटलं, मायनं उपाशी राहू न्हाई म्हणून थापा मारायलाय." ती जराशी हसली. "हे तुमच्या पंचांगात लिवलंय का?"

"लिहिले जाणार आहे."

"म्हंजे लिवलं न्हाई."

"अजून नाही."

"मग लिवल्यावर सांगा."

"अक्का, शास्त्र मला ठाऊक आहे. मी सांगतो आहे ना!"

"तुमी सांगायलाव, खरंय. पर हे गेले तवा जोश्यानं पंचांग उघडून, वर बोट ठिवून तीथ सांगितली. तोंडानं सांगितली असती तर या घरात कुणी धरली नसती. आज तुमच्या तोंडाचं ऐकलं, तर उद्या दुसऱ्या कुणाच्या तोंडाचं ऐकावं लागंल. काय चुकलं माझं?"

काहीही चुकले नव्हते. जे बिराप्पाला मी सांगितले होते, तेच ती मला सांगत होती. कुलूप ज्याने लावले, तोच आता कुलपाबाहेर उभा होता. परतीच्या बसमध्ये मला याचे हसूही आले आणि भीतीही वाटली. षष्ठी दूर नव्हती.

आमच्या कामात मुख्य आवृत्तीनंतर एखादी लहान आवृत्ती काढण्याची सोय असते. तिच्यात एकच दुरुस्ती घ्यायची, दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही. मी श्रीकांतला म्हणालो, बिराप्पाचा पॅच एकटा घेऊन अशी आवृत्ती काढू. त्याने तात्काळ होकार दिला, पण विचारले, "तपासायचं कसं, गुरुजी? आपल्याकडं बिदरचाच सूर्य हाय."

त्या प्रश्नातच उत्तर होते. आमची माणसे जगभर पांगली होती; म्हणजे आमच्याकडे पुष्कळ सूर्य होते. मी सर्वांना लिहिले की नव्या प्रोग्रामवर आपल्या गावचा सूर्योदय काढा, आणि मग पहाटे उठून, पूर्वेकडे तोंड करून, घड्याळ हातात घेऊन तो डोळ्यांनी पाहा. प्रोग्राम काय म्हणतो आणि सूर्य काय म्हणतो, दोन्ही कळवा.

आयुष्यात ज्यांनी कधी पहाट पाहिली नव्हती, ती मुले उठली. पुण्याला शिकणारी औरादची एक मुलगी वसतिगृहाच्या टाकीवर चढली. जर्मनीतल्या एकाने कळवले, "ढग हायत, सूर्य आला का न्हाई सांगता येत न्हाई, उद्या परत बघतो." दुबईतल्याच्या खिडकीसमोर उंच इमारत होती, त्याचा सूर्य फारच उशिरा उगवला. मी प्रश्न लिहिला, "सूर्य उशिरा आला की तुम्ही खाली उभे होता?" दुसऱ्या दिवशी तो गच्चीवर गेला. तिथे पहारेकऱ्याने हटकले. सूर्य बघायला आलो आहे, हे काही केल्या त्याला पटेना. शेवटी पहारेकरीही सोबत उभा राहिला आणि दोघांनी मिळून वेळ घेतली. मी मैलूरच्या गच्चीवर रोज अर्घ्य देतच होतो. आता ओंजळ सोडून झाल्यावर घड्याळही पाहू लागलो. इतक्या वर्षांच्या उपासनेत मी सूर्याला नमस्कार पुष्कळ केले, पण इतक्या ठिकाणची माणसे एकाच कारणासाठी पूर्वेकडे तोंड करून उभी आहेत, हे पुन्हा कधी पाहिले नाही.

सर्वत्र प्रोग्रामचे आणि सूर्याचे जुळले. मी पॅच तिसऱ्यांदा वाचला. यावेळी विचारण्यासारखा प्रश्न उरला नव्हता. चैत्र वद्य चतुर्थीस, तारीख लिहून, आम्ही लहान आवृत्ती सोडली. बिराप्पाच्या तिकडच्या गावचे त्या महिन्याचे पान छापून घेतले आणि पंचमीच्या संध्याकाळी मी हुलसूरला एका जुन्या सहशिक्षकांकडे मुक्कामाला गेलो. वाटेत भागाक्काच्या दारी थांबून पान उघडले, षष्ठीवर बोट ठेवले. तिने बोटाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले.

"आता धरते," म्हणाली.

षष्ठीला अंधारातच स्नान-संध्या आटोपून मी तिच्या अंगणात गेलो. ती न्हाऊन बसली होती, मोबाईल मांडीवर. फार थांबावे लागले नाही. तिने फोन कानाशी धरला, पण बिराप्पाचा आवाज बाहेरपर्यंत येत होता.

"माय, झालं गं. नदीवर पाणी सोडलं. घास ठिवला."

"कावळा शिवला का?"

"शिवला. हिथं बी कावळे हायत."

"काय टाईम झालाय तिथं?"

"दुपार. कालची."

"कालची? म्हंजे तू अजून माझ्या मागंच हाईस की रं."

"व्हय, माय."

"बरं हाय. लेकरानं मायच्या मागंच चालावं. जेव आता. मी बी जेवते."

तिने भिंतीवर घास ठेवला, पाणी फिरवले, आणि चुलीपाशी बसून भाकरी खाल्ली. मी अंगणात पूर्वेकडे तोंड करून बसलो होतो. आकाशाच्या कडेला नुकता तांबूस रंग चढत होता. मनात एक प्रकारची तृप्ती होती, ती लपवत नाही. इतक्या वर्षांत इतके नेमके काम माझ्या हातून झाले नव्हते.

भागाक्का हात धुऊन बाहेर आली आणि उंबऱ्यात बसली.

"बरे वाटले ना, अक्का?" मी विचारले.

"व्हय. अंगाला बरंच वाटायलंय." मग हळूच म्हणाली, "दरसाली या दिशी मी हिथंच बसायची, गुरुजी. फोन आता यील, मग यील. जीव कासावीस व्हायचा, चक्कर यायची. पर दिसभर दुसरं काई सुचायचं न्हाई. वाट बघण्यात त्यो दिसभर घरातच असल्यावानी वाटायचा. आता बगा. दिस उगवायच्या आदी समदं आटपलं."

मी पाठशाळेत शिकलो, वर्गात शिकवले, कितीकांचे पॅच परत पाठवले. या वाक्यावर टकटक करण्यासारखे मला काही दिसले नाही. गणित बरोबर होते. शास्त्र बरोबर होते. तिचेही बरोबर होते.

वेशीत भालकीची सकाळची बस येऊन हॉर्न देऊ लागली.

"तुमची बस आली न्हवं?" तिने विचारले.

"आली. दुपारचीही एक असते."

बस आणखी एकदा हॉर्न देऊन गेली. भागाक्काने चिंचेची पाटी आम्हा दोघांच्या मध्ये ओढली आणि एक दगड माझ्याकडे सरकवला.